जहाजात वर्षानुवर्षं ठेवलेले रणगाडे एका चावीत सुरू होतात म्हणे, आमचं पेरणी यंत्र तं एका सालात जाम होते. कसं करत असतीन?

वावरातला_फौजी (ता. देवळी, जि. वर्धा)

राम राम मंडळी. मी फौजेत ई.एम.ई. मध्ये होतो, गाड्यांच्या वर्कशॉपात, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि आता गावी सात एकराची कास्तकारी आणि आमच्या शेतकरी गटाची औजार बँक सांभाळून राहिलो. सांभाळून राहिलो म्हणतो पण खरं सांगू तं सांभाळणं होऊन नाही राहिलं, म्हणूनच इथं लिहायले बसलो.

गटाकडे दोन पेरणी यंत्रं, एक बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडून पेरते ते यंत्र), एक रोटाव्हेटर, एक मळणी यंत्र आणि चार फवारणी पंप आहेत. पेरणी यंत्र सालातून पंधरा-वीस दिवस चालते, बाकी सारे दिवस टिनाच्या शेडात उभं. यंदा मृगात बाहेर काढलं तं खताच्या पेटीखालचा रोलर हालेना, चेन काठीसारखी ताठ झालेली, दुसऱ्या यंत्राच्या टायरले बोट जाईन एवढ्या भेगा. दोन बॅटरी पंपांच्या वायरी उंदरानं कातरून ठेवल्या होत्या. दुरुस्तीत दोन दिवस गेले आणि तेवढ्यात वाफसा गेला. ज्या दोघा कास्तकारांचा नंबर होता त्यांनी भाड्याचं यंत्र आणून पेरलं, त्यातल्या एकाले उशिरामुळं दुबार पेरणी करावी लागली. त्याच्या घरी जाऊन बसलो तं तो काही बोलला नाही, चहा दिला, तेच जास्त लागलं मले.

आता मुद्द्याची गोष्ट. परवा पोरानं मोबाईलवर दाखवलं की अमेरिकेची फौज रणगाडे, ट्रक, तोफा, जनरेटर, सारं जहाजात भरून समुद्रातच ठेवते, लढाई नसतानाही, वर्षानुवर्षं. लढाई लागली की जवान विमानानं जातात आणि जहाजातून आपलं सामान उतरवून घेतात. मी गाड्या प्रिझर्वेशनमध्ये टाकलेल्या आहेत, म्हणजे लय दिवस उभ्या ठेवायसाठी तयार करून बंद केलेल्या, हेवी प्रिझर्वेशन काय असते ते जाणतो, पण ते जमिनीवर. समुद्रात खारी हवा, जहाज हालून राहिलं, जागा कोंदट, तिथं कसं टिकते? कोण पाहते त्याच्याकडे, जहाजवाले का फौजवाले? सही कोणाची असते? नेव्हीतले, मर्चंट नेव्हीतले कोणी असन तं नीट इस्कटून सांगा. माह्या शेडले लागू होईन असं काही त्यात असन तं लय उपकार होतीन.

खारा_वारा (बुलढाणा)

जय हिंद हवालदार साहेब. मी नेव्हीत पंधरा वर्षं होतो, लॉजिस्टिक्सला, म्हणजे जहाजावरचं स्टोअर. अमेरिकन जहाजावर मी काम केलेलं नाही पण विषय माझ्या आवडीचा आहे आणि बरंच वाचलंय, तर सांगतो.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. 1980 मध्ये त्यांनी पहिल्यांदा सात जहाजं सामान भरून हिंदी महासागरात दिएगो गार्सिया बेटाला नेऊन उभी केली, आपल्या कन्याकुमारीच्या खाली बरंच दक्षिणेला आहे ते बेट. कारण साधं होतं, रणगाडा विमानानं नेता येतो पण एका विमानात एक नाहीतर दोन, आणि अमेरिकेहून जहाजानं आखातात सामान न्यायचं तर आठवडे लागतात. पुढं मरीन कोअरसाठी, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या त्यांच्या फौजेसाठी, जहाजांचे ताफेच केले, एका ताफ्यात साधारण 16,000 मरीनना 30 दिवस पुरेल एवढं सगळं, गाड्या, दारूगोळा, इंधन, पाणी, दवाखान्याचं सामानसुद्धा. परीक्षा झाली 1990 मध्ये. 2 ऑगस्टला इराक कुवेतमध्ये घुसला आणि 15 ऑगस्टला दिएगो गार्सियाची जहाजं सौदीच्या अल जुबैल बंदराला लागली पण. माणसं विमानानं आली, गाड्या उतरवल्या आणि पुढं गेले. दहा वर्षं लोक विचारत होते की एवढा पैसा पाण्यात कशाला उभा केलाय, त्याचं उत्तर तेरा दिवसांत मिळालं.

आता कोण पाहतं. हेच खरं समजून घेण्यासारखं आहे. जहाज चालवणं हे एकाचं काम, त्यांच्याकडे मिलिटरी सीलिफ्ट कमांड म्हणून आहे, जहाजावरचे खलाशी सिव्हिलियन असतात. सामान दुसऱ्याचं, म्हणजे मरीनचं नाहीतर आर्मीचं. आणि सामानाची देखभाल करायला जहाजावर वेगळी छोटी टोळी असते, तिचं काम फक्त सामान बघणं. जहाजाचा कॅप्टन गाडीच्या बॅटरीत डोकं घालत नाही आणि देखभालवाला जहाजाच्या सुकाणूला हात लावत नाही. कोणाचं काय हे कागदावर आधी ठरलेलं. त्याशिवाय साधारण दर तीन वर्षांनी मरीनवालं जहाज फ्लोरिडात जॅक्सनव्हिलजवळ ब्लाउंट आयलंडला येतं, तिथं एकूण एक गाडी खाली उतरते, तपासली जाते, दुरुस्त होते, बदलायची ती बदलतात, मग परत ठरलेल्या क्रमानं चढते. आर्मीच्या जहाजांचं तेच काम साउथ कॅरोलिनात चार्ल्सटनजवळ होतं. म्हणजे व्हिडिओत जे दिसतं की सामान वर्षानुवर्षं तसंच पडून आहे आणि तरी चालतं, ते अर्धंच आहे.

आपल्याकडे असं सामान भरून कायम उभं ठेवत नाहीत. आपल्या नेव्हीचं जलाश्व जहाज आहे, आधीचं अमेरिकेचं ट्रेंटन, 2007 मध्ये आपल्याकडे आलं, त्यात रणगाडे, गाड्या, हजारभर जवान मावतात, पण सामान सरावाला किंवा मोहिमेला चढतं आणि उतरतं. त्याच जलाश्वनं 2020 च्या मे महिन्यात लॉकडाऊनमध्ये मालदीवहून 698 आपली माणसं कोचीला आणली होती, ते बऱ्याच जणांना आठवत असेल.

माझ्या स्टोअरचं सांगायचं तर एकच गोष्ट सांगतो. आमचे मास्टर चीफ रोज सकाळी राउंडला यायचे तेव्हा डोळ्यानं कमी आणि हातानं जास्त बघायचे. रॅकच्या मागं हात घालायचे, पत्र्याला तळवा लावायचे. तळव्याला ओल लागली की त्या दिवशी सगळं रॅक रिकामं करायचं, मग जेवण दोन वाजता झालं तरी चालेल. तेव्हा राग यायचा फार. पण एका स्पेअर पंपाचं पॅकिंग आतून भिजलेलं असं एकदा हातालाच कळलं होतं, बाहेरून पेटी कोरी करकरीत होती.

इंजिनरूमवाला_यवतमाळ

दादा, खारा_वारा यांनी व्यवस्थेचं छान लिहिलंय, मी मशिनरीच्या अंगानं लिहितो. मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहे, गाड्या वाहणाऱ्या रो-रो जहाजांवर सहा वर्षं काढली. सध्या सुट्टीवर घरी दारव्ह्याला आहे म्हणून वेळ आहे.

अमेरिकन आर्मीचं सामान ज्या मोठ्या जहाजात असतं ते साधारण 290 मीटर लांब, एका जहाजात 58 रणगाडे, 48 इतर पट्ट्याच्या गाड्या आणि 900 च्या वर चाकांच्या गाड्या मावतात. विचार करा, आपल्या तालुक्याच्या बाजारच्या दिवशी जेवढ्या गाड्या असतात त्याहून जास्त, एकाच छपराखाली. तिथं पहिला शत्रू म्हणजे हवेतला दमटपणा. लोखंडाला गंज लागायला पाणी वरून पडावंच लागतं असं नाही, हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंज धावायला लागतो. म्हणून त्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेत, हवा सुकवणारी मोठी यंत्रं चोवीस तास चालतात आणि आर्द्रता पन्नासच्या खाली ठेवतात. मिठाचं तर अजून गमतीचं आहे, साधं मीठ पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कोरडं राहतं, त्याच्या वर गेलं की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. घरातलं मीठ पावसाळ्यात ओलं होतं ना, तेच. म्हणजे खारी हवा आत आली तरी हवा कोरडी असेल तर मीठ नुसतं पावडर होऊन पडून राहतं, फार नुकसान करत नाही. मीठ आणि ओल एकत्र आली की संपलं.

आता दादा मला एक सांगा, पेरणी झाल्यावर तुम्ही खताची पेटी धुता का? मला जवळपास खात्री आहे की रोलर तिथंच जाम झाला. युरिया, डीएपी ही खतंही हवेतलं पाणी असंच ओढतात. तुमच्या यंत्राचा समुद्र त्याच्या पेटीतच आहे.

बाकी जहाजावर काय करतात ते थोडक्यात, गाडी चेननं चारी बाजूंनी बांधतात, टर्नबकल (चेन ताणायचा पेच) आवळतात आणि समुद्र खवळला की रोज फिरून ताण बघतात, कारण एक साठ टनांचा रणगाडा सुटला तर तो बाजूच्या दहा गाड्या घेऊन जाईल आणि जहाजही धोक्यात घालेल. डिझेलच्या टाकीत तळाला पाणी साचलं की पाणी आणि डिझेलच्या मधल्या थरात बुरशी, जंतू वाढतात, काळा चिकट गाळ होतो आणि फिल्टर चोक होतो, म्हणून तळाचं पाणी काढत राहायचं आणि जंतुनाशक टाकायचं. बॅटरी सोडवून ठेवायची नाहीतर सतत हळू चार्जिंगला.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो कारण गावोगावी ही चूक बघतो. उभं इंजिन आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हे सुरू न करण्यापेक्षा वाईट आहे. इंजिन जळताना पाण्याची वाफ तयार होते, इंजिन पुरतं तापलं नाही तर ती वाफ आतच थंड होऊन ऑईलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. चालवायचं तर अर्धा-पाऊण तास, थोडा लोड देऊन, पुरतं गरम होईपर्यंत. नाहीतर चालवूच नका, नीट प्रिझर्व करा. तुमच्या फवारणी पंपांत पेट्रोलवाले असतील तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवा, आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं.

वावरातला_फौजी

इंजिनरूमवाले भाऊ, नाही धुत. झाडून ठेवतो. धुतलं तं गंज लागन असं वाटे, म्हणून मुद्दाम नव्हतो धुत. आता डोकं चालून राहिलं माहं.

पुलगावची_पोर

नमस्कार काका. तुम्ही देवळीचे म्हणजे आमच्या शेजारचेच. माझे बाबा पुलगावच्या दारूगोळा डेपोत मजूर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. डेपोच्या आतलं ते घरी काही सांगत नव्हते आणि आम्ही विचारतही नव्हतो, पण सवयी तर घरी येतातच ना. आमच्या घरी धान्याच्या प्रत्येक पोत्याला चिठ्ठी राहायची, कोणत्या वावरातलं, कधी भरलं, कधी उन्हात टाकलं. जुनं पोतं आधी काढायचं, नवं मागे. आई कधी हाताला आलं म्हणून पुढचं पोतं फोडलं तर बाबा भांडत नसत, फक्त चिठ्ठी काढून दुसऱ्या पोत्याला लावत बसत, एक एक करून, सगळ्या.

मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केली म्हणून दारूगोळ्याचं थोडं सांगू शकते. जहाजात गाड्यांपेक्षा नाजूक सामान ते. गोळ्याला पुढं ढकलणारी जी दारू असते ती नायट्रोसेल्युलोजची, ती पडल्या पडल्या हळूहळू स्वतःच विघटित होत असते, थांबवता येत नाही. तिच्यात स्टॅबिलायझर टाकलेला असतो जो ती घाण शोषून घेतो, पण तो संपत जातो, आणि उष्णता जितकी जास्त तितका लवकर संपतो. तो संपला की दारू आतून तापायला लागते आणि आपोआप पेटू शकते. म्हणून जहाजावरच्या दारूगोळ्याच्या कोठारात, मॅगझीन म्हणतात त्याला, रोजचं तापमान लिहून ठेवतात, वरून पाण्याचे फवारे बसवलेले असतात, आणि प्रत्येक पेटीला लॉट नंबर असतो, म्हणजे एकाच खेपेला बनलेल्या मालाचा नंबर. एका लॉटमधले नमुने तपासले आणि स्टॅबिलायझर कमी निघाला तर तो लॉट जगात कुठंही असो, वापरातून काढायचा. लॉट नंबर नसेल तर कोणता काढायचा तेच कळणार नाही. माझ्या मते या सगळ्या विषयात यंत्रापेक्षा कागद मोठा आहे. आर्द्रतेचं यंत्र विकत मिळतं, नोंदीची सवय नाही मिळत.

काका, तुमच्या दोन पेरणी यंत्रांना नंबर आहेत का? कोणतं यंत्र कोणी शेवटचं वापरलं, काय बिघडलं होतं ते लिहिलेलं आहे का कुठं? राग मानू नका, आमच्या बचत गटाकडे पिठाची गिरणी आणि शेवयांचं मशीन आहे, तिथं हेच झालं होतं म्हणून विचारते. सगळ्यांचं मशीन म्हणजे कोणाचंच नसते.

अग्निवीर_2026

सर मी कारंजा लाडचा आहे, बारावी सायन्स झालो. हे जहाजावरचं स्टोअर सांभाळायचं काम करायचं असेल तर कसं लागते? एक एजंट म्हणतो अमेरिकन जहाजावर गोडाऊन कीपर म्हणून लावून देतो, दोन लाख म्हणतो. घरचे वावर गहाण ठेवायले तयार झाले.

खारा_वारा

बाळा, आधी घरी जा आणि वावराच्या कागदावर कोणालाही सही करू देऊ नको. ती अमेरिकन जहाजं अमेरिकेच्या झेंड्याखाली चालतात, त्यावरची माणसं त्यांचे नागरिक असतात, लष्करी सामान आहे ते. कारंजाच्या पोराला एजंट तिथं लावू शकत नाही, दोन लाखात नाही आणि वीस लाखातही नाही. साध्या व्यापारी जहाजाची नोकरी जरी कोणी देतो म्हणाला तरी त्याच्याकडे डी.जी. शिपिंगचं, म्हणजे जहाजांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, आरपीएसएल लायसन्स (खलाशी भरतीचा परवाना) आहे का ते डी.जी. शिपिंगच्या वेबसाईटवर स्वतः बघायचं.

तुला हेच काम करायचं असेल तर आपल्या नेव्हीत आहे. बारावीला गणित आणि फिजिक्स असेल तर अग्निवीर एसएसआर (बारावीवरची भरती), दहावीवर एमआर (मॅट्रिकवरची भरती). ट्रेनिंग ओडिशात चिल्काला. पुढं ब्रँच मिळते, लॉजिस्टिक्स मिळाली तर मुंबईत मालाडला आयएनएस हमला, नेव्हीचं ट्रेनिंगचं ठाणं. इंजिनचं आवडत असेल तर लोणावळ्याला शिवाजी, इलेक्ट्रिकलला जामनगरला वालसुरा. अग्निवीर चार वर्षांचं आहे आणि त्यातले 25 टक्क्यांपर्यंत पुढं कायम होतात, हे डोळे उघडे ठेवून समजून जा. फॉर्मची फी सोडली तर कोणाला एक रुपया द्यायचा नाही. पोहायला शिक आत्तापासून, आपल्याकडची पोरं तिथंच अडकतात, विहिरीत पोहणारा वेगळा आणि तिथली टेस्ट वेगळी. काही अडलं तर इथंच विचार, मी उत्तर देईन.

मिस्त्री_आर्वी

मी शिकेल नाही जास्त, ट्रॅक्टर आणि औजारं दुरुस्त करतो, बत्तीस साल झाले. वरचं सारं वाचलं, पोट्ट्यानं वाचून दाखवलं. जहाजावर काय करतेत मले माईत नाही पण आपल्या इकडचं सांगतो ते ऐका.

फौजी भाऊ, तुमी म्हणता अकरा महिने उभं राहून जाम झालं. अकरा महिन्यात नाही होत ते. आपल्या इकडे दिवाळीपासून मृगापर्यंत हवा एवढी कोरडी राह्यते का लोखंडाले काई होत नाही, मे महिन्यात तं ओलं फडकं दहा मिनिटात कडक होते. गंज लागते तो जुलै ते सप्टेंबर. म्हंजे पेरणी झाली, यंत्र चिखलानं खतानं भरेल तसंच शेडात ढकललं, आन त्याच्यावर तीन महिने पावसाळी हवा. तिथंच खेळ खलास. तुमी पाह्यता दुसऱ्या मृगात आन उन्हाळ्यानं खराब झालं म्हणता. उन्हाळा खराब करते ते रबर. टायर, पट्टा, नळ्या, वायरीचं कवर. म्हून लोखंडाचं काम पेरणी संपल्याबरोबर, आन रबराचं काम होळीच्या आत. लोकं दोन्हीबी काम अक्षय तृतीयेच्या पुढं काढतेत.

धुवाचं कसं ते सांगतो. बियाण्याची पेटी, खताची पेटी पुरी खाली करा, उलटी करा, ठोकू नका, नाही तं पत्रा चेंबते. खालचे रोलर खोलून बाहेर काढा, एक एक. कोमट पाण्यात भिजू द्या, पांढरा थर सुटला पायजे, नखानं खरवडून पाहा, नख कोरडं आलं तं झालं. नळ्यात तार घालून पाहा, माती आन माशीचं घर राह्यते तिथं. मंग उघड पडली का उन्हात दिवसभर वाळू द्या, हे महत्त्वाचं, ओल्यावर तेल लावसान तं ओल आत बंद होते. मंग जळकं ऑईल नाही लावाचं रोलरले, त्यात घाण आन आम्ल राह्यते, नवं साधं ऑईल लावा, दोनशे रुपयात सारं यंत्र होते. जळकं ऑईल फणाले लावलं तं चालते. चेन काढून डिझेलमंधी रातभर बुडवा, पुसा, ऑईल लावा, पेपरात गुंडाळून पेटीत ठेवा, यंत्रावर नका ठेवू. ग्रीस निपलमंधी नवं ग्रीस जुनं बाहेर येईपावतर मारा, जुन्यासंगं पाणी बाहेर येते. टायर जमिनीवरून वर, इटांवर फ्रेम टेकवा, टायरले ऊन लागू नये म्हून पोतं बांधा.

उंदराले औषध टाकून काई होत नाही. शेडात बियाण्याचा एक दाणा राहिला नाही पायजे, बास. खतासंगं बियाण्याची पेटी बी झाडून नाही, धुवून. दाणा नसन तं उंदीर वायर खायले येत नाही असं नाही, पण घर करत नाही.

इंजिनरूमवाला_यवतमाळ

मिस्त्री काका, नमस्कार घ्या. जुन्या ग्रीससोबत पाणी बाहेर येतं हे आम्हाला कॉलेजमध्ये शिकवलं होतं आणि मी ते पहिल्यांदा खरं समजलो समुद्रावर तीन वर्षं झाल्यावर. तुमचं हवामानाचं तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, मी इथलाच असून. जहाजावर बाराही महिने पावसाळा असतो म्हणून तिथं यंत्रानं हवा सुकवावी लागते, आपल्याकडे आठ महिने फुकट सुकी हवा आहे, फक्त चार महिने सांभाळायचे.

दादा, एक स्वस्तातली युक्ती. पंपाच्या बॅटरीचं चार्जर, मीटर असलं छोटं इलेक्ट्रिकचं सामान झाकणाच्या घट्ट प्लॅस्टिक डब्यात ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलणाऱ्या मिळतात, नारिंगी असते तोवर ठीक, हिरवी झाली की ओल भरली. तव्यावर मंद आचेवर तापवली की परत नारिंगी होते. बाहेर काढल्यावर तो तवा स्वयंपाकाला वापरू नका मात्र.

खारा_वारा

एक राहिलं होतं, साहेब. सगळी यंत्रं एकाच शेडात असतील तर त्याचाही विचार करा. 1982 मध्ये फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिनाशी झालेल्या लढाईत ब्रिटिशांनी अटलांटिक कन्व्हेयर नावाच्या मालवाहू जहाजात हेलिकॉप्टर आणि बरंच सामान भरून नेलं होतं. 25 मे ला त्यावर क्षेपणास्त्र बसलं आणि तीन मोठी चिनुक हेलिकॉप्टरं जहाजासोबत गेली, एक तेवढं त्या वेळी हवेत होतं म्हणून वाचलं. त्यानंतर जवानांना पाठीवर ओझं घेऊन बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावं लागलं. तुमच्या शेडाला क्षेपणास्त्र लागणार नाही पण वणवा, शॉर्टसर्किट, वादळात उडालेले टिनपत्रे हे आपल्याकडे दरवर्षीचं आहे. दोन पेरणी यंत्रं आहेत तर एक दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी गोठ्यात ठेवा.

आणि भरायचा क्रमही बघा. जहाजात जे आधी लागणार ते शेवटी चढवतात, म्हणजे रॅम्पजवळ राहतं. शेडात मळणी यंत्र दाराशी आणि पेरणी यंत्र मागं असेल तर मृगात आधी मळणी यंत्र ओढण्यात दुपार जाते.

वावरातला_फौजी

मंडळी, आठ दिवसांनी लिहून राहिलो. उशीर झाला कारण उघड पडायची वाट पाहत होतो.

रविवारी सारं केलं, मिस्त्री भाऊनं सांगितलं तसंच. गटातले पाच जण आले, ज्याच्या घरी मी चहा प्यायलो होतो तोही आला, न बोलावता. खताची पेटी उलटी केली तं कोपऱ्याकोपऱ्यात पांढरी खपली, दगडासारखी, साखरेचा पाक लोखंडावर वाळावा तशी. तिच्याखाली पत्रा असा झाला होता की स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि आरपार गेला. रोलर सहा होते त्यातले दोन बाद, चार सुटले. कोमट पाण्यात घातले तं तासाभरात फिरायले लागले हातानं. आम्ही एकामेकाच्या तोंडाकडे पाहून राहिलो. फौजेत असतो तं पार्किंगमध्ये गाडी लावायच्या आधी खालून धुतल्याशिवाय कोणी लावू दिली नसती, पहिली गोष्ट तीच होती, आणि घरी येऊन मी तीच सोडली.

दुसरं यंत्र आता पाटलाच्या गोठ्यात नेऊन ठेवलं, इटांवर. मळणी यंत्र मागं सरकवलं.

पुलगावच्या ताई, तुमचं लागलं मले, पण बरोबर लागलं. यंत्रांना नंबर नव्हते. आता ऑईलपेंटनं टाकले, 1 ते 9. शेडच्या दाराले दोरीनं वही बांधली आणि सोबत पेन्सिल, पेन दमटात चालत नाही. कोणाची जबाबदारी यावर मीटिंगीत बरंच झालं, शेवटी प्रत्येक यंत्र एकेकाच्या नावावर केलं, वापरणारा कोणीही असो, परत येतेवेळी नाववाल्यानं पाहून सही करायची, धुतल्याशिवाय सही नाही, सही नाही तं पुढचा नंबर नाही. दोन यंत्रं माह्या नावावर. बाकीच्या सात जणांनी कुरकुर केली पण घेतलं.

वहीतली पहिली नोंद आमच्या गटातल्या एका पोरानं लिहिली, ती तशीच टाकतो:

"पेरणी यंत्र नं. 1. धुतलं, दिवसभर वाळवलं. रोलर 3 आणि 5 बदलायचे. खताच्या पेटीचा पत्रा डाव्या कोपऱ्यात गेलेला, वेल्डिंगले आर्वीले न्यायचं. चेन काढून पेटीत ठेवली. नळी नं. 4 मध्ये माशीचं घर होतं, काढलं. टायर वर. सही."

मिस्त्री भाऊ, पुढच्या आठवड्यात पत्रा घेऊन तुमच्याकडे येऊन राहिलो. बुधवारी दुकान उघडं असते का?

मिस्त्री_आर्वी

असते. गुरुवारी बजार राह्यते, त्या दिवशी नका येऊ. पेटी पुरी आणा, नुसता पत्रा नाही, माप तिथंच घेऊ.